थर्लबींच्या राईतली कोल्हीण

सर एडमंड थर्लबींना सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. न्याहारीच्या टेबलावरून उठून ते खिडकीशी जात, हिरवळीकडे बघत आणि परत येऊन गार झालेल्या टोस्टकडे पाहत उभे राहत. खिडकीबाहेर मोतद्दार वाळू अंथरत होते. तासाभरात तिथे परगण्यातले सगळे घोडे येणार होते. वारा नैर्ऋत्येचा होता, जमीन ओली होती, वर ढगांचं झाकण होतं. कोल्ह्याचा वास जमिनीवर टिकून राहायला याहून चांगला दिवस मागून मिळाला नसता.

चांगला दिवस हवाच होता. सोमवारी वेक्सकोमच्या चौकात पार्लमेंटच्या उमेदवारांची नावं पुकारली जाणार होती. गेली वीस वर्षं दर निवडणुकीत सर एडमंडांचं नाव शिकारीच्या टोळीचे प्रमुख कर्नल ब्रॅकनबरी पुकारत आले होते आणि त्याआधीच्या शनिवारी सगळी टोळी थर्लबींच्या दारात जमत आली होती. आधी थर्लबींची लांबी राई नावाची झाडी धुंडाळायची, कोल्हा उठवायचा, त्याच्यामागे दोनतीन गावं पालथी घालायची, आणि मग सोमवारी मतं द्यायची. या परगण्यात हे सगळं एकच काम समजत. कर्नल ज्याचं नाव पुकारतील त्याच्यामागे जमीनदार जात आणि जमीनदारांच्या मागे त्यांची कुळं. या खेपेला समोर स्पेन्सली हा गिरणीवाला होता आणि तो गावोगाव हिंडत होता.

दार उघडून ह्यू आत आला. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या आणि अंगाला स्पिरिटचा वास येत होता.

"बाबा, आज लांबी राईच धुंडाळणार आहेत का?"

"दुसरी कुठली धुंडाळणार? तुझे आजोबा होते तेव्हापासून—"

"तिथे कोल्हा नाहीये."

सर एडमंड हसले. पोरगा दोन वर्षं जर्मनीत राहून आला होता. बेडकांच्या नसा आणि माशांचे कल्ले यांत बुडून गेला होता, घोड्यावर बसायचा तर पोत्यासारखा. "तुला रे काय माहीत? राई राखणारा डाउझ स्वतः म्हणाला, ओढ्याकाठच्या बिळात कोल्हीण आहे म्हणून."

"होती," ह्यू म्हणाला. "आता ती माझ्या टेबलावर आहे."

सर एडमंडांना आधी वाक्याचा अर्थच लागला नाही. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"कशी काय मेली?"

"मी मारली. बंदुकीने. गुरुवारी."

या परगण्यात माणसाने बायकोला टाकलं, पत्त्यांत शेतं घालवली, तरी वर्ष उलटायच्या आत लोक त्याच्याकडे जेवायला जाऊ लागत. कोल्ह्याला बंदुकीने मारणाऱ्याकडे जात नसत. कोल्हा कुत्र्यांनी मारायचा, तोही हंगामात, घोड्यांच्या साक्षीने. नदीपलीकडच्या मॉर्डन घराण्यात अशी एक गोळी सुटली होती. त्याला चाळीस वर्षं होत आली, तरी चर्चमध्ये त्यांच्या पुढच्या बाकावर आजही कोणी बसत नसे.

"का?" एवढंच त्यांनी विचारलं.

"आपल्या कुळांतला पास्क सतत तक्रार करतोय ना, कोल्हे त्याची कोकरं नेतात म्हणून. तुम्ही म्हणता नेत नाहीत. कर्नल म्हणतात नेत नाहीत. पण बघितलंय कुणी? म्हटलं पोट उघडून बघू. जर्मनीत रोज मारतात, कुणी मान वर करून बघत नाही." ह्यूच्या आवाजात अजून थोडा उत्साह शिल्लक होता. "बाबा, लोकरीचा एक धागासुद्धा निघाला नाही. शेतातले उंदीर, काळे भुंगे आणि बेडकाचा एक पाय. तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं!"

"माझं म्हणणं बरोबर होतं," सर एडमंड सावकाश म्हणाले, "हे दाखवायला तू माझी जागा घालवलीस."

"ह्यू, हात धुऊन ये," दारातून आवाज आला. "आणि न्याहारीच्या खोलीत पोटांविषयी बोलू नये."

ऑगस्टा आत आली. सर एडमंडांची ही बहीण त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. सर एडमंडांची बायको लुइझा वारल्यापासून घर तीच चालवत होती, आणि खरं सांगायचं तर निवडणुकाही तीच चालवत होती. कुठल्या कुळाच्या बायकोला ब्लँकेट पाठवायचं, कुणाच्या पोराला चर्चच्या शाळेत घ्यायचं, हे तिच्याच डोक्यात असे. तिने चहा ओतून घेतला.

"तुला माहीत होतं?" सर एडमंडांनी विचारलं.

"डाउझने काल सांगितलं. बिळापाशी त्याला भक्ष्याची पिसं सापडली नाहीत, नुसतं रक्त सापडलं. तो काही खुळा नाही." तिने साखर ढवळली. "घाबरू नकोस. मी बोलले आहे त्याच्याशी. राई रिकामी निघाली तर डाउझ म्हणेल की सापळा त्याने लावला होता, तितर राखायला. तू त्याला सगळ्यांसमोर कामावरून काढायचंस. तो श्रॉपशायरला आपल्या चुलतभावाकडे जाईल आणि कापणीला परत येईल. त्याच्या बापानेही आपल्या बाबांसाठी हेच केलं होतं. त्याची काही हरकत नाही."

"माझी आहे," ह्यू म्हणाला.

"तुला कुणी विचारलं नाही."

"आत्या, कोल्हीण मी मारली. मी कर्नलना सांगेन. सांगायला काय लागतं?"

"सांग की. मग सोमवारी स्पेन्सलीच्या गाडीत बसून वेक्सकोमला जा, तुला हार घालतील." ऑगस्टाने त्याच्याकडे न बघता टोस्टला लोणी लावलं. "एडमंड, त्याला सांग."

सर एडमंड परत खिडकीशी गेले होते. डाउझ हिरवळीच्या कडेला उभा होता, पाय जुळवून, काठी टेकून. या माणसाबरोबर ते लहानपणी ओढ्यात मासे धरायचे. गेल्या वीस वर्षांत त्याने त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, आणि आता ऑगस्टाने त्याची नोकरीच त्याच्याकडून मागून घेतली होती. ती म्हणत होती तसं ते चाललं असतं. बाबांच्या वेळी चाललंच होतं. 

तेवढ्यात धाकटा भाऊ सेप्टिमस आला. हा गावचा पाद्री. थर्लबी घराण्यातला धाकटा मुलगा पाद्री व्हायचा, आणि चर्चजवळचं ते घर त्याला मिळायचं, हे ठरलेलंच होतं. नाक थंडीने लाल झालं होतं आणि चेहऱ्यावर मोठ्या आनंदात असल्यासारखा भाव होता.

"ऑगस्टाने निरोप पाठवला," तो कुजबुजला, जणू चांदीची भांडी ऐकत होती. "काही काळजी करू नका. माझ्याकडे एक आहे."

"एक काय?"

"कोल्हा. कोळशाच्या तळघरात. लंडनहून मागवला, पोत्यातून. माझा गडी टॉमस तो राईच्या पलीकडच्या टोकाला सोडेल. शेपटीला जरा बडीशेपेचं तेल चोळलंय, कुत्री सुटतीलच मागे."

सर एडमंडांना हसावं की ओरडावं कळेना. विकत आणलेल्या कोल्ह्यामागे टोळी पळवणं हा बंदुकीएवढा नसला तरी तसाच घाणेरडा प्रकार होता. "तुझ्या तळघरात कोल्हा कसा काय आला, सेप्टिमस? कोल्हीण तर गुरुवारी मेली."

सेप्टिमसने मुरंब्याच्या भांड्याचं झाकण उचललं आणि आत डोकावला.

"निवडणूक आली की मी एक आणूनच ठेवतो."

"मागच्या वेळी होल्म नदीपर्यंत धावला होता तो? लोक अजून सांगतात. कर्नल दर जेवणाला सांगतात!"

"तोही."

"आणि त्याच्या आधीचा?"

सेप्टिमसने झाकण परत ठेवलं. ऑगस्टा म्हणाली, "एडमंड, चहा गार होतोय," आणि सर एडमंडांना कळलं की तिलाही माहीत होतं. वीस वर्षं वेक्सकोमच्या चौकात कर्नलनी त्यांचं नाव पुकारताना एकच वाक्य म्हटलं होतं: थर्लबींची राई कधी रिकामी निघालेली नाही. लोक टोप्या उडवत. पार्लमेंटात सर एडमंड फारसे बोलत नसत, कायद्याच्या मसुद्यांवर बोलणारे दुसरे होते. पण इथली लांबी राई आपली आहे, खरी आहे, असं त्यांना रात्री झोपताना वाटायचं.

"नको," ते म्हणाले. "पोत्यातला नको."

"मग डाउझ," ऑगस्टा म्हणाली.

"डाउझही नको."

"मग काय, हा?" तिने चमचा ह्यूकडे रोखला. "याचं लग्न व्हायचंय, एडमंड. उद्या ही जागा याची व्हायचीय."

"मला नकोय ती जागा," ह्यू म्हणाला.

"तुला नको म्हणून तुझ्या बापाचीही घालवायची?" सेप्टिमस अनपेक्षित रागाने म्हणाला. ह्यूचा चेहरा उतरला. सर एडमंड दोघांकडे बघत राहिले आणि काही ठरवायच्या आतच वाळूवर पहिल्या घोड्याच्या टापा वाजल्या. सेप्टिमस खिडकीतून टॉमसला खूण करायला धावला, आणि त्याला त्यांनी थांबवलं नाही. नको म्हणणं आणि थांबवणं यांत किती अंतर असतं, ते त्यांना त्याच क्षणी जाणवलं. पण तोवर कर्नल ब्रॅकनबरी लाल कोटात, घोड्यावरूनच, शेरीच्या पेल्यासाठी हात पुढे करत होते.

"एडमंड! स्पेन्सली म्हणतोय तुमचे दिवस संपले. म्हटलं, चल, लांबी राई दाखवतो तुला!"

सगळे हसले. सर एडमंडही हसले.

राई धुंडाळायला वेळ लागला. कुत्री झुडपांत शिरली, शेपट्या हलल्या, पण तोंडातून आवाज निघेना. खालच्या टोकापाशी ती गोंधळून फिरली आणि एका कुत्रीने मागे वळून मालकाकडे बघितलं, जणू विचारत होती की इथे काय शोधायचं आहे. सर एडमंडांच्या घोड्याने मान झटकली, तेव्हा लगाम किती घट्ट आवळला होता ते त्यांच्या लक्षात आलं. बांधावर कुळं पायी जमली होती. त्यांत पास्कही होता, दोन्ही हात खिशात घालून. कर्नलनी घड्याळ काढून बघितलं आणि परत ठेवलं.

मग पलीकडच्या टोकाला शिंग वाजलं.

कोल्हा उघड्यावर आला तेव्हा सर एडमंडांनी त्याला नीट पाहिलं. अंग गोल होतं, चाल सावकाश. त्याने टोळीकडे बघितलं, बसला, कान खाजवला. मग कुत्र्यांचा गलका ऐकून उठला आणि एकदाचा धावला. सगळे घोडे सुटले. चिखल उडाला, टोप्या उडाल्या. एवढा वेळ कोंडलेला श्वास सर एडमंडांच्या छातीतून मोकळा झाला, आणि सलगमाच्या शेतापर्यंत तर ते सगळं विसरूनही गेले.

सलगमाच्या शेताशी कोल्हा डावीकडे वळला. नदी उजवीकडे होती, मोकळं रानही उजवीकडेच. डावीकडे होतं गाव.

"हा कुठे चाललाय?" कर्नल ओरडले.

कोणाला सांगता येईना. कोल्हा मात्र मुळीच गोंधळला नव्हता. त्याने चर्चची भिंत ओलांडली, थडग्यांमधून नीट वाट काढली, पाद्र्याच्या परसात शिरला आणि स्वयंपाकघराशेजारच्या कोळसा टाकायच्या भोकातून तळघरात नाहीसा झाला. कुत्र्यांनी त्या भोकाभोवती कोंडाळं केलं. परसाच्या भिंतीबाहेर घोडे एकमेकांवर येऊन थडकले. दारात सेप्टिमसची स्वयंपाकीण पळी घेऊन उभी राहिली. तिने लाल कोटांकडे पाहिलं, मग तळघराकडे, मग आपल्या धन्याकडे.

"पाद्रीसाहेब, हा आला की परत," ती म्हणाली. "त्याच्या जेवणाचे गुर्दे तर अजून शिजायचेत."

 मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

कर्नल घोड्यावरून उतरले. वय झालेला माणूस, उतरायला वेळ लागला, पण कुणाला मदतीला पुढे यायची हिंमत झाली नाही. त्यांनी त्या भोकाशी वाकून वास घेतला. ताठ झाले तेव्हा त्यांचा चेहरा कोटाएवढाच लाल होता.

"बडीशेप," ते म्हणाले. "एडमंड, तुमच्या राईत कोल्हीण होती. मला माहीत आहे. फेब्रुवारीत मी स्वतः तिचा माग पाहिला होता. कुठे आहे ती?"

एवढ्यात ऑगस्टाची छोटी गाडी परसाच्या फाटकाशी येऊन थांबली. तिच्या मागून डाउझ पायी आला, रस्ताभर धावल्यासारखा. कर्नलचा प्रश्न त्याने ऐकला. लगेच त्याने टोपी काढली, दोन्ही हातांत छातीशी धरली आणि मान खाली घातली. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

कर्नलनी ते पाहिलं. त्यांचा आवाज किंचित उतरला. सर एडमंडांना कळलं की हा म्हातारा वाट काढून देतोय. "रखवालदाराची चूक असेल असं मी धरून चालतो," कर्नल म्हणाले. "होतं असं. तितरांपायी ही माणसं काहीही करतात. आणि मग घाबरून कोणी असला एखादा कोल्हा आणून सोडतो. तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल. त्याला आत्ता, इथे, सगळ्यांदेखत काढून टाका. मग सोमवारी मी आहेच."

"एडमंडला काही पत्ता नव्हता," सेप्टिमस घाईने म्हणाला. "कोल्हा माझा. मी गोंधळलो. डाउझने सापळा लावला आणि मी गोंधळलो."

सर एडमंडांनी ह्यूकडे बघितलं. घोड्यावर पोत्यासारखा बसलेला ह्यू आता पांढराफटक पडला होता. त्याचं तोंड उघडलं होतं.  सकाळी चहाच्या टेबलावर जे इतकं सोपं वाटलं होतं, ते एवढ्या लाल कोटांसमोर त्याला सांगवेना. सर एडमंडांना राग आला नाही. पंचविशीत आपणही असेच उभे राहिलो असतो, असं त्यांना वाटलं. आज साठीत आपण काय वेगळे उभे आहोत?

डाउझची मान अजून खालीच होती. टोपीच्या कडेशी त्याची बोटं फिरत होती. त्याच्या डोक्यावर विरळ झालेले केस वाऱ्याने उडत होते. इतक्या वर्षांत आपण हे डोकं उघडं कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"डाउझ," सर एडमंड म्हणाले. "टोपी घाल."

डाउझने वर पाहिलं. मग ऑगस्टाकडे पाहिलं.

"तिच्याकडे बघू नकोस. घाल म्हटलं ना. गार वारा आहे." ते कर्नलकडे वळले. "कोल्हीण माझ्या घरातल्या माणसाने मारली, कर्नल. बंदुकीने. समजूनउमजून. सापळा नव्हता. आणि हा कोल्हा विकतचा आहे, हे मला सकाळपासून माहीत होतं. मी थांबवलं नाही."

"एडमंड!" ऑगस्टा म्हणाली.

"कोणी मारली?" कर्नलनी विचारलं.

"थर्लबीने."

"कोणत्या?"

"चौकात तुम्ही पहिलं नाव पुकारत नाही, कर्नल. आडनावच पुकारता. तेवढंच आजही पुरे."

 सर एडमंडांना क्षणभर वाटलं, कर्नल हसणार. ते हसले नाहीत. त्यांनी लगाम हातात घेतला, रिकिबीत पाय ठेवला आणि या खेपेला मोतद्दाराची मदत घेतली.

"मी तुमच्या वडिलांना पुकारलं असतं तर बरं झालं असतं," ते घोड्यावरून म्हणाले.

"वडिलांनी डाउझच्या बापाला काढलं होतं."

"हो. मला माहीत आहे." कर्नलनी शिंगवाल्याला खूण केली. "ती आपापसांतली गोष्ट होती, चव्हाट्यावर आली नव्हती."

कुत्री गोळा झाली. एकेक घोडा वळला. काही जणांनी टोपीला हात लावला, काहींनी लावला नाही. कोण लावतोय आणि कोण नाही हे सर एडमंडांना न बघायचा प्रयत्न करूनही दिसत होतं. नदीपलीकडचा मॉर्डन तेवढा थांबला, टोपी काढून वाकला आणि मग गेला. परस रिकामं झालं. स्वयंपाकीण आत गेली. सेप्टिमस पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी नाक पुसू लागला.

ह्यू घोड्यावरून उतरून जवळ आला. "बाबा, मी... मी बोलणार होतो."

"माहीत आहे."

"मी आत्ता जातो त्यांच्यामागे. मी सांगतो."

"जायचं तर जा. मी पाठवत नाही आणि अडवतही नाही." सर एडमंडांनी त्याच्या बाहीवरचा चिखल झटकला. "पण घोड्यावर जरा पुढे झुकून बस रे. मागे पडशील."

 ह्यू घोड्यावर चढला, आणि टोळी गेली त्या बाजूला नाही, तर घराच्या रस्त्याला लागला. पुढे जाऊन थांबला. परत वळला. सर एडमंडांनी तिकडे बघणं सोडलं.

"गाडीत बस," ऑगस्टा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "सोमवारी तुझं नाव पुकारायला माणूस शोधायचाय. मॉर्डन नाही चालणार. लॉर्ड हॅरोवेचा धाकटा मुलगा कदाचित. मला आत्ता जाऊन त्याच्या आईला भेटावं लागेल. बस, म्हणते ना."

"मी चालत येतो."

"एडमंड, मी वीस वर्षं—"

"मला माहीत आहे तू काय केलंस ते. जा तू. मी चालत येतो."

तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस तिने आत्ताच प्रथम पाहिला. मग गाडी वळवली. डाउझ तिच्यामागे निघाला, थोडं पुढे जाऊन थांबला, टोपी चाचपून बघितली, आणि तोही निघाला.

फाटकाशी एकटा पास्क राहिला होता. सगळी कुळं गेली तरी तो गेला नव्हता. त्याच्या जमिनीचा करार थर्लबींकडे होता, आणि त्याची कोकरं कोणी नेली हे त्याला अजून कळलं नव्हतं. खिशातून हात न काढता त्याने विचारलं, "सर एडमंड, मग सोमवारी तुम्हाला उभं कोण करणार?"

गेली वीस वर्षं मतदारांच्या प्रत्येक प्रश्नाला सर एडमंडांकडे उत्तर असे. धान्यावरच्या जकातीचं असो, रस्त्याचं असो, चर्चच्या कराचं असो. ऑगस्टा ती उत्तरं आदल्या दिवशी त्यांच्याकडून पाठ करून घेई. 

"मला माहीत नाही, पास्क."

पास्कने मान डोलवली. समाधानाने नाही, आणि रागानेही नाही. नवीन जनावर गोठ्यात आलं की शेतकरी त्याचे पाय बघतो, तसं त्याने त्यांना वरून खाली पाहिलं. मग खिशातून हात काढला आणि फाटक उघडून धरलं.

सर एडमंड थांबले. नेहमीचं असतं तर ते विचार न करता पुढे गेले असते. त्यांनी दुसऱ्या बाजूने फाटकाला हात लावला आणि पास्कला पुढे हो म्हणून खूण केली. पास्क हलला नाही. तेही हलले नाहीत. मधे फाटक उघडं होतं, रस्त्यावर टापांनी उकरलेला चिखल होता, आणि आधी कोणी जायचं ते दोघांनाही कळत नव्हतं.